खुंटीची उंची

गोल्फवर मत द्यायचा नाशिककराला जन्मसिद्ध हक्क आहे, कारण आमच्या गावात गोल्फ क्लब आहे. द्वारकेवर रिक्षात बसून नुसते ‘गोल्फ क्लब’ म्हणा, रिक्षावाला पत्ता विचारत नाही, फक्त भाडे सांगतो. आता तिथे उतरल्यावर गोल्फ दिसत नाही, हा भाग निराळा. तिथे क्रिकेट दिसते. रणजीचे सामने झालेले आहेत, पहाटे मधुमेहवाले गोल गोल चालतात, आणि पोरेटोरे तर काय दिवसभर असतातच. साहेबाच्या काळातले नाव चिकटले ते चिकटले. मैदानाचे खरे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. ज्या कोवळ्या पोराने २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्याचे नाव पाटीवर, आणि साहेबाच्या खेळाचे नाव तोंडात, असा आमचा कारभार. मी स्वतः शाळकरी वयात ‘गोल्फ क्लबवर चाललोय’ असे ओरडून घराबाहेर पडत असे तेव्हा काखेत बॅट असायची.

त्यामुळे खरी गोल्फची काठी हातात आली तेव्हा मी एकसष्ट वर्षांचा होतो. काठी जावयाने आणली. जावई न्यू जर्सीला असतात. सासऱ्याला काय द्यावे हा प्रश्न अमेरिकेतल्या जावयांना दर दोन वर्षांनी पडतो. स्वेटर झाले, बदाम झाले, रक्तदाब मोजायचे यंत्र झाले, मग ड्रायव्हर आला. आमच्या हिने आधी आनंदाने हात जोडले होते. तिला वाटले, आता द्वारकेच्या चौकातून गाडी काढायला माणूस ठेवणार. पण हा ड्रायव्हर म्हणजे एक लांबलचक काठी आणि तिच्या टोकाला दुधी भोपळ्याच्या बुडख्याएवढे काळे, पोकळ, चकचकीत डोके. सोबत एका पिशवीत लाकडी खुंट्या. या खुंटीला टी म्हणतात. तिच्या वाटीसारख्या माथ्यावर चेंडू ठेवायचा आणि ड्रायव्हरने हाणायचा. एका सामन्यात अठरा भोके असतात आणि प्रत्येक भोकाच्या सुरुवातीला, पहिल्या फटक्यापुरतीच, ही चैन करता येते. पुढे चेंडू जिथे पडेल तिथून, गवतात असो की खड्ड्यात, निमूटपणे मारावा लागतो.

आता एवढ्याशा खुंटीवरून दोन सुशिक्षित गृहस्थांचे बोलणे बंद व्हावे, हे सांगायलाही लाज वाटते. पण झाले आहे खरे. आणि चूक माझी नाही, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे. इतर काही उदात्त हेतू वाचकांनी शोधू नये.

दुसरे गृहस्थ म्हणजे आमच्याच बिल्डिंगमधले, दुसऱ्या मजल्यावरचे मेजरसाहेब. तोफखान्यातून निवृत्त. देवळाली जवळ, म्हणून नाशिकला स्थायिक झाले. ते मला ‘बँकवाले’ म्हणतात. दर रविवारी पहाटे साडेपाचला खाली त्यांच्या गाडीचा हॉर्न वाजतो, मी बॅग घेऊन उतरतो, द्वारकेचा चौक फक्त त्याच वेळी माणसासारखा ओलांडता येतो तो ओलांडून, आम्ही लष्करी हद्दीतल्या एका मैदानावर जातो. मी अर्थातच त्यांचा पाहुणा म्हणून. खेळ झाला की तिथेच मिसळ. गेली दीड-दोन वर्षे हा माझा आठवड्यातला एकमेव कार्यक्रम होता, ज्याला ‘कशाला जाता’ असे घरात कोणी म्हणत नसे.

मेजरसाहेबांचा पहिल्या दिवसापासूनचा मंत्र एकच. खुंटी खाली. चेंडू आणि गवत यांच्यामध्ये एक बोट आडवे जावे, बस्स. ‘बँकवाले, जितकी उंच टी तितका उंच गाढवपणा.’ मी वाकून खुंटी रोवली की ते बुटाच्या टाचेने ती अजून थोडी दाबत. खुंटा हलवून बळकट करावा असे मी ऐकले होते. दाबून बळकट करणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला.

मी वर्षभर ऐकले. बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला ऐकायची सवय असते. माझा चेंडू खालून निघायचा, मध्येच चढायचा, वर गेल्यावर काही तरी विसरल्यासारखा थबकायचा आणि तिथेच मान टाकायचा. दीडशे यार्ड झाले तर मी मिसळीला जादा पाव घेत असे. मेजरसाहेब म्हणत, ‘अजून खाली घ्या.’ याच्या खाली घ्यायची तर आता विहीर खणावी लागली असती.

मग जावयाचा फोन आला. ‘बाबा, टी किती ठेवता?’ मी म्हटले, एक बोट. पलीकडे शांतता पसरली. मग त्यांनी समजावून सांगितले. इकडे ही स्वयंपाकघरातून ऐकत होती. टी उंच, टी कमी, अर्धी वर, अर्धी खाली, हे सगळे ऐकून ती बाहेर आली आणि म्हणाली, ‘जावईबापूंना म्हणावं, मी चहात साखर बंदच केली आहे यांची.’

जावई जे म्हणाले ते मी नंतर स्वतः तपासून पाहिले. कर्जाचा अर्ज जसा तपासायचो तसे. ते असे आहे.

लोखंडी काठीने चेंडू मारतात तेव्हा काठी खाली येत असतानाच तो मारायचा असतो. चेंडू आधी, माती नंतर. तिथे खुंटी खालीच हवी, मेजरसाहेबांचे एक बोटसुद्धा जास्तच. पण ड्रायव्हरचे शास्त्र उलटे. त्याच्या तोंडाचा तिरपेपणा जेमतेम नऊ ते बारा अंशांचा. म्हणून चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत ठेवतात, आणि काठी झोक्यासारखी सर्वांत खालचा बिंदू गाठून वर निघते तेव्हा तिने चेंडू उचलून न्यावा अशी अपेक्षा असते. झोपाळा वर जाताना ज्या पोराला ढकला मिळतो ते लांब जाते. खाली येताना ढकलले तर रडते. आता काठी वर निघाली आहे, तिचे बूड जमिनीपासून सुटलेले आहे, आणि चेंडू मात्र एका बोटावर बसलेला. मग तो लागणार कुठे? काठीच्या तोंडाच्या खालच्या ओठाला.

आणि खालच्या ओठाला लागलेला चेंडू नुसता कमी वेगाने जात नाही, तो जास्त गिरक्या घेत जातो. हे मला आधी पटत नव्हते. पण त्या पोकळ डोक्याचा गुरुत्वमध्य तोंडाच्या मागे असतो. चेंडू मध्यबिंदूच्या वर बसला की डोके क्षणभर मागे कलते, आणि त्याचे तोंड व चेंडू घड्याळातल्या दोन दातेरी चाकांसारखे एकमेकांना फिरवतात. चेंडूची उलटी फिरकी कमी होते. खाली बसला की डोके पुढे कलते आणि उलटी फिरकी वाढते. शिवाय ड्रायव्हरचे तोंड वरून खाली किंचित फुगीर केलेले असते, म्हणून वरच्या भागात तिरपेपणा थोडा जास्त आणि खालच्या भागात कमी. म्हणजे वर लागला तर चेंडू उंच निघतो आणि कमी फिरतो, खाली लागला तर ठेंगणा निघतो आणि भरमसाट फिरतो. माझा चेंडू मध्येच चढून मान का टाकत होता, ते इथे उलगडले. ती उलटी फिरकीच त्याला वर खेचत होती. वर जाण्यातच त्याची सगळी शिल्लक संपत होती. पुढे जायला खात्यात काही उरत नव्हते.

तेव्हा सर्वसाधारण नियम असा की काठी चेंडूमागे टेकवून पाहावे. चेंडूचा अर्धा भाग तिच्या माथ्याच्या वर दिसला पाहिजे. चेंडूचा व्यास कमीत कमी १.६८ इंच असावा असा कायदा आहे. म्हणजे खुंटी जमिनीवर साधारण दीड इंच येते. एक बोट नव्हे, मेजरसाहेब. दीड इंच.

मी हे सगळे कागदावर आकृती काढून मिसळीच्या टेबलावर मांडले. इथे माझी पहिली चूक झाली असे ही म्हणते. मिसळ खाताना माणसाला आकृती दाखवू नये.

मेजरसाहेबांनी तीन मुद्दे काढले. पहिला कायद्याचा. गोल्फचे सर्वांत जुने लेखी नियम १७४४ सालचे, एडिंबराजवळच्या लीथचे, एकूण तेरा. त्यातला दुसराच नियम असा की टी जमिनीवर असली पाहिजे. ‘जमिनीवर! ऐकलंत? हवेत नव्हे!’ मेजरसाहेबांचा इतिहास पक्का आहे, पण त्या काळी टी म्हणजे लाकडी खुंटी नव्हतीच. ओल्या वाळूची चिमूट घेऊन तिचा छोटा ढीग करायचे आणि त्यावर चेंडू ठेवायचे. आपल्याकडे समुद्रावर पोरे खोपा करतात तसा. प्रत्येक टीपाशी वाळूची पेटी आणि पाण्याची बादली असायची. ढीग उंच केला तर ढासळे, म्हणून खुंटी बुटकी. यात सिद्धान्त कुठला? मातीचा भाव तेवढाच होता.

वाळूला कंटाळून लाकडी खुंटी ज्यांनी पुढे आणली त्यांची गोष्ट मेजरसाहेबांना ठाऊक नव्हती, ती मी सांगितली. जॉर्ज फ्रँकलिन ग्रँट हे बॉस्टनचे कृष्णवर्णीय दंतवैद्य. त्यांना १२ डिसेंबर १८९९ रोजी जमिनीत खुपसायच्या लाकडी टीचे अमेरिकन पेटंट मिळाले. त्यांनी धंदा केला नाही, खुंट्या मित्रांना वाटून टाकल्या, आणि मान मिळायला १९९१ उजाडावे लागले. तेव्हा कुठे अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने त्यांचे श्रेय मान्य केले. खुंटी बाजारात खपवली ती १९२० नंतरच्या दशकात विल्यम लॉवेल यांनी. तेही दंतवैद्यच, आणि आमच्या जावयांच्या न्यू जर्सीचे. दोन्ही दातांचे डॉक्टर! ज्याचा जन्म हिरडीत खुंट्या बसवण्यात आणि त्यांची उंची कानसून जुळवण्यात गेला, त्यालाच हे सुचावे हे स्वाभाविक आहे. माझी कवळी पाव मिलीमीटर उंच बसली होती तेव्हा मी आठ दिवस पेज प्यायलो होतो. उंचीने काय फरक पडतो म्हणणाऱ्यांनी एकदा कवळी बसवून घ्यावी.

दुसरा मुद्दा अनुभवाचा. ‘चाळीस वर्षं मी एक बोटावर मारतोय.’ खरे आहे. पण चाळीस वर्षांपूर्वी मेजरसाहेबांच्या हातात लाकडी डोक्याचा ड्रायव्हर होता. भरीव लाकूड, मुठीएवढे. त्याचा माथाच इतका खाली की चेंडू दीड इंचावर ठेवला असता तर काठी खालून निघून गेली असती आणि चेंडू जागच्या जागी टाळ्या वाजवत बसला असता. तिथे एक बोट बरोबरच होते. पुढे लाकूड गेले, धातू आला. १९९१ साली ‘बिग बर्था’ नावाचा ड्रायव्हर निघाला, तो १९० घनसेंटिमीटरचा, आणि तोसुद्धा त्या वेळी लोकांना अगडबंब वाटला. (बिग बर्था हे नाव पहिल्या महायुद्धातल्या जर्मन तोफेचे. तोफखान्याच्या माणसाला याचा तरी मान असायला हवा होता.) २००४ पासून डोके ४६० घनसेंटिमीटरपर्यंतच असावे अशी कमाल मर्यादा घालावी लागली, आणि सगळे त्या मर्यादेला नाक लावून उभे आहेत. खुंटीलाही मर्यादा आहे, चार इंचांची. डोके अडीचपट झाले आणि खुंटी मात्र वडिलोपार्जित! ड्रायव्हर मेजरसाहेबांनीही नवा घेतला आहे, बरं का. फक्त बोट जुने ठेवले.

तिसरा मुद्दा खरा कठीण होता, आणि तो त्यांनी शेवटी काढला; सैनिकच तो. म्हणाले, जगातले व्यावसायिक पुरुष खेळाडू सरासरीने ड्रायव्हरसुद्धा किंचित उतरत्या दिशेनेच मारतात, मोजमाप झालेले आहे. हे बरोबर आहे. मी त्या रात्री झोपलो नाही. पण त्याच मोजमापात बायकांचा तक्ता असतो. व्यावसायिक महिला सरासरीने तीनेक अंश चढत्या दिशेने मारतात. कारण उघड आहे. पुरुषांची काठी ताशी १८० किलोमीटरच्या आसपास फिरते. ज्याच्याकडे एवढी इस्टेट आहे त्याने थोडी उधळली तर चालते, चेंडू सरळ गेल्याशी कारण. बायकांची काठी १५०च्या आसपास, म्हणून त्या प्रत्येक अंशाचा हिशेब ठेवतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, आपल्या पुण्याचा उदयन माने खेळला आणि अदिती अशोक चौथी आली, पदकाला एका फटक्याने मुकली. लांब मारणाऱ्यांत तिची गणना नव्हती. आता मेजरसाहेब बहात्तर वर्षांचे, मी त्रेसष्ट. आमची काठी फिरते तेव्हा तिच्यावर माशी बसू शकते. आम्ही नक्कल कोणाची करायची? मी म्हटले, ‘मेजरसाहेब, आपण बायकांसारखे मारायला हवे.’

ही दुसरी चूक. हे वाक्य मी आजूबाजूच्या टेबलांवर चार निवृत्त कर्नल बसलेले असताना उच्चारले.

आणि तरी मी थांबलो नाही. मी म्हटले, तुम्ही तर तोफखान्याचे! नळीचा कोन किती ठेवला म्हणजे गोळा कुठे पडतो हे तुम्ही पोरांना शिकवलेत, आणि चेंडूला मात्र सरपटायला लावता? त्यावर ते फक्त एवढेच म्हणाले की गोळ्याला खळगे नसतात. उत्तर चांगले होते, मी मान्य करतो. चेंडूवरचे खळगे आणि उलटी फिरकी मिळून त्याला हवेत तोलून धरतात. जुने गुळगुळीत चेंडू ठेचकाळून खरबरीत झाल्यावर लांब जातात हे लोकांच्या लक्षात आले, तेव्हापासून हे खळगे आले. म्हणून चेंडूला पंचेचाळीस अंश लागत नाहीत, बारा-पंधरा पुरतात. पण एक बोटाच्या खुंटीवर माझ्यासारख्याला तेवढेसुद्धा मिळत नाहीत, हा माझा मुद्दा खळग्यांनी बुजत नाही. वाऱ्याचेही तेच. त्र्यंबकच्या बाजूने पावसाळी वारा समोरून आला की मेजरसाहेब खुंटी आणखी दाबतात. वाऱ्याखालून काढायचा म्हणे. आणि खालच्या ओठाला लागलेला तो चेंडू जास्त फिरतो, वाऱ्यात आणखी चढतो, आणि पतंगासारखा आमच्याकडेच तोंड करून उतरतो.

आता प्रामाणिकपणे सांगायचे तर उंच खुंटीने माझी अब्रूही गेली आहे. पहिल्याच रविवारी मी चुलीसाठी लाकडे फोडावीत तशी काठी वरून आणली. ती चेंडूच्या खाली शिरली, चेंडू तिच्या माथ्यावर आपटला आणि सरळ वर गेला. इतका वर गेला की आम्ही दोघे मान वर करून बराच वेळ उभे होतो. तो परत आला तेव्हा माझ्यापासून पंधरा पावलांवर पडला. ड्रायव्हरच्या काळ्या माथ्यावर पांढरा ओरखडा उठला, तो अजून आहे. जावयांना फोटो पाठवताना मी तिथे अंगठा ठेवतो. त्या दिवशी मेजरसाहेब काही बोलले नाहीत. नुसते खिशातून आपली बुटकी खुंटी काढून माझ्या हातावर ठेवली. हरलेल्या सैन्याला पांढरे निशाण द्यावे तशी.

म्हणजे लाकडे फोडणाऱ्याला बुटकी खुंटी बरी, हे मला कबूल आहे. मी लाकडे फोडत होतो हेही कबूल आहे. पण मग लाकडे फोडणे सोडवायचे की खुंटी गाडायची? माझा चेंडू उजव्या पायासमोर असायचा, खांदे बँकेच्या काउंटरवर उभे असल्यासारखे सपाट असायचे. हे दीड वर्षात कोणी सांगितले नाही. सगळा उपदेश खुंटीला. लहानपणी विटीदांडू खेळताना असे कोणी सांगत नसे. विटी गलीवरून उडवायची, ती वर आली की टोला. कमी उडाली तर टोला चुकतो, जास्त उडाली तर झेल जातो, आणि किती उडवायची हे ज्याचे त्याने आपल्या दांडूवरून ठरवायचे. पण मोठेपणी कोण जाणे काय होते. मुलाने विज्ञान घ्यावे का, बदली मागावी का, प्रमोशनच्या परीक्षेला बसावे का, काहीही विचारा, कोणीतरी टाच उचलून म्हणतोच, थोडं खाली घ्या. मी स्वतः काउंटरवर बसून हे किती जणांना म्हटले असेन! दोन लाख मागणाऱ्याला दीड लाखात बसवले, आणि त्याचे दुकान दीड लाखाचेच झाले. ते आठवले की मेजरसाहेबांवरचा राग थोडा कमी होतो. पण थोडाच.

त्यानंतर मी महिनाभर गच्चीवर सराव केला. हिच्या नेलपॉलिशने सगळ्या खुंट्यांवर दीड इंचावर लाल रेघ ओढली, म्हणजे प्रत्येक वेळी उंची तीच राहते. उंचीपेक्षासुद्धा ती दर वेळी सारखी असणे महत्त्वाचे, असे माझे नम्र मत झाले आहे. चेंडू खरे मारता येत नाहीत. खाली द्वारका आहे, आणि तिथल्या वाहतुकीला माझ्या मदतीची गरज नाही. मोजे गुंडाळून मारतो. मग एका रविवारी मैदानावर, लाल रेघेवर, चेंडू लागला. आवाजच निराळा आला. तो गेला, जात राहिला, आणि मेजरसाहेबांच्या चेंडूच्या पुढे एकवीस पावले जाऊन पडला. मी पावले मोजली. मोजायला नको होती. ही माझी तिसरी चूक.

परतताना गाडीत कोणी बोलले नाही. मिसळही झाली नाही. गेले तीन रविवार खाली हॉर्न वाजलेला नाही. गाडी जाताना मात्र दिसते. ही म्हणते, खाली जाऊन म्हणा की एक बोट बरोबर. मी म्हणतो, मिसळीसाठी मी काहीही म्हणेन, पण दीड इंचाला एक बोट म्हणणार नाही. काल जिन्यात त्यांची सून भेटली. तिने सहज सांगितले की बाबा परवा तिच्या ड्रेसिंग टेबलावर लाल नेलपॉलिश शोधत होते. मी काही बोललो नाही. येत्या रविवारी साडेपाचला बॅग भरून तयार राहणार आहे. हॉर्न नाहीच वाजला तर द्वारकेवरून रिक्षा करीन. बॅग रिक्षात मावते का ते पाहून ठेवले आहे. आडवी मावत नाही, उभी धरावी लागते, आणि ड्रायव्हरचे डोके बाहेर राहते. फक्त रिक्षावाल्याला ‘गोल्फ’ हा शब्द सांगायचा नाही, नाहीतर तो कान्हेरे मैदानावर नेऊन सोडील.